वाळूजच्या व्हॅक्यूमवाल्या काकांची सर्व्हिस: पंप बरा होता, पाणी नडलं

पाचातले चार स्टार. एक कापला तो उशिरासाठी, कामासाठी नाही, हे आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना एवढंच बघायचं होतं ते इथूनच गेले तरी चालतील. दुकानाचं नाव टाकत नाहीये कारण काकांनीच हात जोडले, म्हणाले मॅडम नाव नका टाकू, आहेत तीच कामं आवरंनात. वाळूज एमआयडीसीत, छोट्या पंढरपुराच्या अलीकडे एक शटर आहे, आत दोन माणसं आणि जमिनीवर उघडे पडलेले तीसचाळीस पंप. व्हॅक्यूम पंप आणि जुनी कोटिंग युनिटं, म्हणजे हवा काढून टाकलेल्या जारमध्ये काचेवर धातूचा थर चढवायची मशीनं, दुरुस्त करतात. ज्यांच्या लॅबमध्ये असलं मशीन आहे त्यांनी संभाजीनगरात ओळखीच्या कुणालाही विचारलं तर पत्ता लागेल.

मी लातूरला एका कॉलेजात सीएचबीवर फिजिक्स शिकवते, म्हणजे घेतल्या तासाचे पैसे आणि सुट्टीचे शून्य, आणि सोबत थिन फिल्मवर, म्हणजे काचेवर चढवलेल्या अतिपातळ थरांवर, पीएचडी चालू आहे. आमच्याकडे गमतीने म्हणतात की मराठवाड्यात दगड मारला तर तो थिन फिल्मवाल्यालाच लागतो. त्याला कारण आहे, स्प्रे पायरोलिसिसला, म्हणजे तापलेल्या काचेवर द्रावण फवारायला, एक हॉटप्लेट आणि एक नोझल लागतो, सीबीडीला, म्हणजे द्रावणात काच बुडवून थर बसवायला, तर बीकर आणि वॉटर बाथ पुरतो, स्लाइड बुडवली, सोडून दिली, झिंक ऑक्साइडचा थर बसला, झालं. खरी अडचण त्याच्यापुढे येते. त्या थराला विजेचा कॉन्टॅक्ट जोडायचा तर वर धातू चढवावा लागतो, झिंक ऑक्साइडला ॲल्युमिनियम चांगलं जमतं, आणि ॲल्युमिनियम काही बीकरमध्ये चढत नाही. सिल्व्हर पेस्टचे ठिपके देऊन किती दिवस भागवणार.

म्हणून मग विभागातलं कोटिंग युनिट. बारा इंची काचेची बेल जार, खाली डिफ्युजन पंप, बाजूला रोटरी पंप, कुठल्या तरी जुन्या ग्रँटमधून आलेलं. २०१९ नंतर कुणी चालू केलेलं नव्हतं. वर प्लास्टिकचं कव्हर, कव्हरवर प्रॅक्टिकलच्या फायली, आणि शिक्षकदिनाला केक कापायला तेच टेबल सोयीचं पडायचं.

चालू करून बघितलं तर चालू झालं हो. रोटरीचा आवाज आला, दाब मोजणाऱ्या पिराणी गेजचा काटा हलला, मला वाटलं आपलं नशीब. पण दहाचा उणे तीनच्या खाली जाईना. मिलीबार म्हणतेय मी, म्हणजे मिलीबारचा हजारावा भाग, उणे जेवढा मोठा तेवढी आत हवा कमी. चार तास लावून ठेवलं तरी तिथंच. तशाच व्हॅक्यूममध्ये एकदा ॲल्युमिनियम चढवून बघितलं, स्लाइड आरशासारखी व्हायला पाहिजे ती राखाडी झाली, दूध उतू गेल्यावर शेगडीवर जसा थर बसतो तशी. सेलोटेप लावून ओढली तर सगळा थर टेपवर आला आणि काच पुन्हा स्वच्छ. बेल जारच्या आतून बोट फिरवलं तर बोटाला तेलकट. एका सप्लायरला फोटो पाठवले, त्याने फोटोवरूनच सांगितलं की डिफ्युजन पंप गेला, नवीन बसवावा लागेल, आणि दोन लाखांच्या वरचं कोटेशन पाठवलं. प्राचार्यांनी ते कोटेशन वाचून माझ्याकडे असं बघितलं की मी घरी जाऊन झोपले.

थोडं थांबून हे उणे तीन आणि उणे पाचचं प्रकरण सांगते, नाहीतर काकांनी काय केलं ते कळणार नाही. आपल्या आजूबाजूच्या हवेत एखादा अणू सोडला तर साधारण ६७ नॅनोमीटर गेला की कुणाला तरी धडकतो, शनिवारच्या बाजारात चालल्यासारखं. दहाचा उणे पाच मिलीबारला तेच अंतर सहा-सात मीटर होतं. आमची जार जेमतेम एक फूट. म्हणजे खालच्या तापलेल्या फिलामेंटवरून उडालेला ॲल्युमिनियमचा अणू कुणाला न धडकता सरळ काचेवर जाऊन बसतो. उणे तीनला तो वाटेत धडका खात येतो, आणि काचेवर पोचतो तेव्हा तिथं हवेतलं पाणी नि ऑक्सिजन आधीच बसलेले असतात, त्यांच्यासकट थर तयार होतो. आमच्या पुस्तकात एक हिशेब आहे जो मी दरवर्षी शिकवते, दहाचा उणे सहा टॉरलासुद्धा (टॉर हे मिलीबारसारखंच दाबाचं माप) एका सेकंदात पृष्ठभागावर हवेचा एक पूर्ण थर बसू शकतो. शिकवताना तो फक्त हिशेब असतो. स्वतःची स्लाइड राखाडी झाली की तो चेहऱ्यावर दिसतो.

तर काका. पहिला फोन मेच्या पहिल्या आठवड्यात. 'परवा येतो.' नाही आले. परत फोन, 'परवा येतो.' असं चार वेळा परवा झालं, मधे एकदा फोन बंद, मग मीच वैतागून एक दिवस एसटीने गेले, अर्ध्या तिकिटात, अंबाजोगाई, बीड, गेवराई करत, उन्हाने डोकं फुटायची वेळ. दुकानात पोचले तर काका एका पंपाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसलेले. मी रागानेच गेले होते पण ते वर बघून म्हणाले, 'लातूरच्या मॅडम ना? पाणी घ्या आधी.' आणि मग त्यांनी जे प्रश्न विचारले त्यात माझा राग निघून गेला. नवीन पंपाचं नावसुद्धा काढलं नाही. विचारलं, पंप तापल्यावर त्याच्या वरच्या भागाला हात लावता येतो का? आउटलेटचं पाणी किती गरम येतं? तेल शेवटचं कधी बदललं? मला एकाही प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. मी तो विषय शिकवते, हे लक्षात घ्या.

त्याच्या पुढच्या आठवड्यात आले. खरंच आले, सकाळी दहाला, सोबत एक पोरगा आणि कापडी पिशवी. पिशवीत मल्टिमीटर, ॲलन की, टॉर्च, इंजेक्शनची सिरिंज, आणि रबरी ओ-रिंगांनी भरलेला श्रीखंडाचा डबा. मशीनकडे बघितलंच नाही आधी.

'पाणी कोणतं देता याला?'

'बोअरचं.'

'व्हय का,' म्हणाले आणि हसले.

इनलेटचा नळ सोडला, धार अंगठ्याएवढी जाड. मग आउटलेटचा पाइप काढून बादलीत धरला, तर सुतासारखी धार, तीही मधेच तुटायची. पोराने मोबाइलवर टाइम लावला, लिटरचा मग भरायला पाच मिनिटं. हीटर लावून अर्ध्या तासाने तेच पाणी बोटावर घेतलं तर चटका बसला.

डिफ्युजन पंपात काय होतं की तळाशी तेल उकळतं, त्याची वाफ मधल्या चिमणीतून वर जाते आणि छत्रीसारख्या फटींमधून खाली जोरात मारली जाते. त्या वाफेच्या फवाऱ्यात हवेचे रेणू सापडतात आणि खाली ढकलले जातात, तिथून रोटरी त्यांना बाहेर काढते. यात एकही फिरणारा पार्ट नाही. १९१५ साली जर्मनीत गेडे नावाच्या माणसाने ही कल्पना काढली तेव्हा तेलाऐवजी पारा होता. पण सगळं तेव्हाच चालतं जेव्हा पंपाची भिंत थंड असते, कारण वाफ भिंतीला लागून परत तेल होऊन खाली ओघळली पाहिजे. त्यासाठी बाहेरून तांब्याची नळी गुंडाळलेली असते आणि तिच्यातून पाणी फिरतं. आमच्या नळीत पाणी फिरतच नव्हतं. भिंत तापलेली, वाफ थंड होईना, मग ती जाणार कुठं, वर, जारमध्ये. बोटाला लागलेलं तेल ते हेच.

आणि नळी कशाने बंद झाली हे सांगायला लातूरकराला विचारायची गरज नाही, घरातलं गीझर उघडून बघा. आमच्या विभागातल्या जुन्या शिपाईमामांनी तारीखच सांगितली. आधी मशीनला महापालिकेचं पाणी होतं, म्हणजे मांजरा धरणाचं. २०१६ साली धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा प्यायला नव्हतं तर मशीनला कोण देणार, तर कुणीतरी बोअरची लाइन जोडून दिली. नंतर पाऊस झाला, धरण भरलं, लाइन काही परत कुणी बदलली नाही. जड पाणी तापलं की त्यातला चुना खाली बसतो, तो तीन वर्षं त्या नळीत बसत राहिला आणि २०१९ ला पंप 'गेला'. दुष्काळाने आमचं काय काय नेलं याच्या यादीत हे एक घाला.

काकांनी पंपाच्या अंगाला असलेली एक डबी दाखवली, रुपयाच्या नाण्याएवढी, थर्मल कटआउट. पंप जास्त तापला की हीटर बंद करायचं एवढंच तिचं काम. तिच्या दोन्ही टोकांना लाल वायरचा तुकडा पिळून लावलेला, वर काळी टेप. म्हणजे पाणी कमी पडायला लागल्यावर ती बिचारी सारखी हीटर बंद करत असणार, आणि तिने काही सांगू नये म्हणून कुणीतरी तिचं तोंडच बांधून टाकलं. काका पहिल्यांदा चिडले ते इथं. तुकडा काढून माझ्या हातात दिला, 'पोरांना दाखवायला ठेवा, सिलॅबसमध्ये नसतंय हे.' माझ्या ड्रॉवरमध्ये आहे अजून.

आता दुरुस्ती. मला वाटलं कुठलं तरी ॲसिड आणतील. त्यांनी पोराला किराणा दुकानात पाठवलं, दोन किलो लिंबूसत्व. आणि मला विचारलं कूलरची मोटर आहे का एखादी. मे महिना, लातूर, कूलरची मोटर नसेल असं घर आहे का? स्टाफरूमच्या कूलरची काढली, स्टाफ माझ्यावर दोन दिवस बोलत नव्हता. बादलीत कोमट पाणी, त्यात लिंबूसत्व, बादलीत मोटर, तिचा पाइप पंपाच्या नळीला, नळीचं दुसरं टोक परत बादलीत. रात्रभर चालू. पहिल्या तासात काही होईना, मग बादलीत फसफस सुरू झाली, चुना विरघळताना निघणारा गॅस तो. सकाळी पाणी गढूळ, तळाला अंड्याच्या टरफलासारख्या पापड्या, आणि धार इनलेटला तेवढी आउटलेटला. मिठाच्या ॲसिडने तासाभरात झालं असतं म्हणे, पण जुन्या नळीला ते खातं, जोडावर भोक पडलं तर मग खरंच नवीन पंप.

तेल काढलं तर ते उसाच्या काकवीसारखं झालेलं, रंगाने आणि वासानेपण. सिलिकॉन तेल पाण्यासारखं पारदर्शक असतं, मी पहिल्यांदा बघितलं. पंप उघडून आतली चिमणी धुणं हे सगळ्यात घाण आणि सगळ्यात लांब काम होतं, पोराने केलं, ॲसिटोनने चार वेळा, आणि प्रत्येक पार्ट हातमोजे घालून. मी उत्साहात उघड्या हाताने एक रिंग उचलली तर काका म्हणाले, 'ताई, तुमच्या बोटाचं तेल चार दिवस पंप करत बसावं लागेल.' मॅडमची ताई झाले होते तोपर्यंत.

एवढं करून जोडलं, लावलं, उणे चारपर्यंत गेलं आणि अडकलं. माझा चेहरा पडला. काकांनी सिरिंजमध्ये ॲसिटोन भरलं आणि हीटर बंद ठेवून, फक्त रोटरीवर, एकेका जोडावर थेंब थेंब टाकत गेले. डोळे काट्यावर. तिसऱ्या फीडथ्रूवर, म्हणजे जारच्या आत वायर नेणाऱ्या जोडावर, थेंब पडला आणि पिराणीचा काटा टुणकन उडाला. गळती सापडली. पिराणी गेज तापलेल्या तारेवरून दाब सांगतो, आजूबाजूच्या गॅसने तार किती गार होते त्यावरून, त्यामुळे हवेऐवजी ॲसिटोनची वाफ आत शिरली की त्याला लगेच कळतं. मोठ्या ठिकाणी हेलियम लीक डिटेक्टर असतो. काकांनी फोनवर 'आणतो' म्हटलं होतं, आणला नाही, त्याबद्दल अर्धा स्टार आधीच कापलेल्यात धरा. फीडथ्रूची ओ-रिंग चपटी होऊन कडेला चिरलेली, आणि कुणीतरी ती चीर बुजवायला तिच्यावर व्हॅक्यूम ग्रीस थापलं होतं, भाकरीवर लोणी लावतात तेवढं. काका म्हणाले ग्रीस चमकली पाहिजे, दिसली नाही पाहिजे.

अजून एक गोष्ट ऐकून मी वही काढली. आत सबस्ट्रेट होल्डरचा, म्हणजे स्लाइड धरायच्या चौकटीचा, एक स्क्रू होता, आरपार नसलेल्या भोकात घट्ट बसवलेला. त्याच्या बुडाशी थोडीशी हवा अडकते आणि पेचातून तासन्तास हळूहळू बाहेर येत राहते. बाहेरून कितीही ॲसिटोन टाका, सापडणार नाही, कारण गळती आतच आहे. काकांनी कानशीने स्क्रूला उभी खाच पाडली, हवेला वाट करून दिली. दोन मिनिटांचं काम.

संध्याकाळी साडेसहाला पेनिंगचा, म्हणजे आणखी कमी दाब मोजणाऱ्या गेजचा, काटा उणे पाचवर. मी तासभर त्या काट्याजवळच बसून होते, पोरगं हसत होतं मला.

पहिली फिल्म तिथंच काढली. टंगस्टनची पिळाची फिलामेंट, तिच्यात ॲल्युमिनियम तारेचे चिमुकले आकडे अडकवलेले, वर स्लाइड, मधे शटर. करंट वाढवत गेलो, वेल्डिंगची काळी काच डोळ्याला लावून बघत होतो, फिलामेंट लाल, मग नारंगी, ॲल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं, ते आकडे एकदम गळले आणि पिळावर तुपासारखे पसरले. पसरतं ते बरं, पण वितळलेलं ॲल्युमिनियम टंगस्टनला खातंपण, त्यामुळे फिलामेंट चार-सहा वेळाच टिकते, त्या दोनचार जास्त घेऊन ठेवा. शटर उघडलं. काच तपकिरी, निळसर, आणि मग कुणीतरी पडदा ओढावा तसं पलीकडचं दिसायचं बंद झालं. क्रिस्टल मॉनिटरवर १०० नॅनोमीटर आलं तसं शटर बंद. त्या मॉनिटरमध्ये क्वार्ट्झची चकती असते, ६ मेगाहर्ट्झला थरथरणारी, तिच्यावर थर बसून वजन वाढलं की थरथर मंदावते, त्यावरून जाडी. सगळं गार झाल्यावर स्लाइड काढली, माझी एमएस्सीची एक पोरगी सोबत होती, तिने त्यात बघून केस नीट केले. सेलोटेप लावून ओढली, टेप रिकामी आली.

हे सगळं एवढं लांबवून सांगतेय कारण हल्ली आमच्याकडे प्रत्येक पालक-मीटिंगला सेमीकंडक्टर निघतो. साणंदला मायक्रॉन, धोलेऱ्याला टाटाची फॅब, म्हणजे चिपचा कारखाना, आमच्या पोरांना नोकरी लागेल का मॅडम. जेवताना काकांनीपण विचारलं, 'चिप बनवतात तिथंबी हेच मशीन असतं का?' निलंगा राईस मागवला होता, आवडला त्यांना. मी म्हटलं मशीन हे नाही, पण काम हेच. चिप म्हणजे ३०० मिलिमीटरच्या सिलिकॉनच्या थाळीवर थर चढवायचे, नक्षी काढायची, नको तिथला थर खरवडायचा, परत थर, असं शेकडो वेळा. थ्रीडी नँड मेमरीत तर दोनशेच्या वर थरांची चळत असते. तिथं डिफ्युजन पंप मात्र दारातपण उभा करत नाहीत, तेलाचा एक रेणू नको म्हणून तेलाच्या वाफेशिवाय चालणारे टर्बो नाहीतर क्रायो पंप, आणि पाणी १८ मेगाओमचं, ज्यात विरघळलेलं जवळजवळ काहीच नसतं. काकांनी आमच्या बादलीकडे बघितलं आणि आम्ही दोघं हसलो.

आमची पद्धत चिपवर का चालत नाही ते सांगताना मला उन्हाचा उपयोग झाला. अणू सरळ रेषेत येतात, त्यामुळे जिथं उतार किंवा खड्डा आहे तिथं सावली पडते. सपाट स्लाइडला फरक पडत नाही. चिपमध्ये विहिरीसारखे अरुंद खोल खड्डे असतात, तिथं आमच्या मशीनने थर दिला तर काठावर जाड, भिंतीवर नाममात्र, तळाशी कधी आहे कधी नाही. म्हणून तिकडे धातूला स्पटरिंग, म्हणजे आर्गॉनचे आयन मारून धातूचे अणू उडवायचे, नाहीतर सीव्हीडी, म्हणजे गॅस सोडायचे आणि गरम थाळीवरच त्यांची प्रक्रिया होऊन थर बनू द्यायचा. सगळ्यात बारीक कामाला एएलडी, म्हणजे अणूंचा थर एकेक फेरीने बसवायचा. त्याला मी एसटीचं उदाहरण दिलं. पहिला गॅस सोडला, जेवढ्या सीट तेवढे बसले, सीट भरल्या की बाकीच्यांना कंडक्टरने खाली उतरवलं. मग दुसरा गॅस, तो प्रत्येक बसलेल्याला एकेक चिकटला, उरलेले परत खाली. एक फेरी, एक थर, कितीही वेळ गॅस सोडला तरी सीटपेक्षा जास्त माणूस बसत नाही. काका म्हणाले, 'आमच्या वाळूजच्या गाडीत हे बसायचं नाही.' ॲल्युमिनियम ऑक्साइडचं धरलं तर एका फेरीला साधारण ०.१ नॅनोमीटर. ही पद्धत फिनलंडच्या तुओमो सुंतोला यांनी १९७४ च्या सुमारास डिस्प्लेसाठी काढली होती, चिपवाल्यांना तिची गरज पुढे पडली. ट्रान्झिस्टरच्या गेटखालचा ऑक्साइड जेमतेम सव्वा नॅनोमीटरवर आला तेव्हा त्यातून करंट झिरपायला लागला, मग २००७ साली इंटेलने ४५ नॅनोमीटरच्या चिपमध्ये हाफनियमवाला थर आणला तो एएलडीने. सुंतोला यांना मिलेनियम टेक्नॉलॉजी प्राइझ मिळालं २०१८ ला. ओ-रिंगेला ग्रीस किती लावायचं हे मात्र अशा प्राइझवाल्यालापण कुणीतरी काकांनीच शिकवलं असेल, असं माझं आपलं मत.

पाण्याचं पुढं काय केलं ते राहिलं. बोअरची लाइन काकांनी कापूनच टाकली. दोनशे लिटरचा ड्रम, त्यात आरओच्या पाण्याचे वीस लिटरवाले दहा जार ओतले, पाव एचपीची मोटर, तेच पाणी गोल फिरत राहतं. हीटर सातशे वॅटचा आहे, मी हिशेब करून बघितला, तीन तासांत पाणी आठ-नऊ डिग्रीने चढायला पाहिजे आणि चढतंही तेवढंच. उन्हाळ्यात ड्रमचं पाणी मुळातच कोमट असतं तेव्हा बर्फाच्या चार बाटल्या टाकायच्या. मोटर बंद पडली किंवा लाइट गेली तर कटआउट हीटर तोडतो, आता त्याचं तोंड मोकळं आहे.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक वाचून तुम्ही फोन लावाल आणि मला शिव्या द्याल. तारीख पाळत नाहीत. म्हणजे पाळतच नाहीत. बिल हे मोठं दुखणं आहे, सगळ्याचं मिळून छत्तीस हजार आणि वर जीएसटी झाला, त्यात निम्म्याहून जास्त तेल, रक्कम मला अजिबात जास्त वाटली नाही, पण बिल आलं व्हॉट्सॲपवर, एका ओळीचं, 'पंप रिपेअर'. आमच्या अकाउंटच्या साहेबांनी ते दोनदा परत पाठवलं, तेल वेगळं दाखवा, ओ-रिंग वेगळ्या दाखवा, शिवाय तीन कोटेशन कुठंय. काकांना कोटेशन हा शब्दच आवडत नाही, म्हणे उघडल्याशिवाय कसं सांगू. खरंय, पण कॉलेजला ते चालत नाही, शेवटी मीच टाइप करून पाठवलं आणि त्यांनी सहीशिक्का केला. सरकारी नाहीतर अनुदानित ठिकाणचे असाल तर हे आधी बोलून घ्या. दुसरं, इलेक्ट्रॉनिक्सला हात लावत नाहीत. आमचा क्रिस्टल मॉनिटर जाडी थोडी जास्त दाखवतो असा मला संशय आहे, त्याचं ते सरळ नाही म्हणाले. टर्बो पंप, आरएफ स्पटरिंग असलं काही असेल तर त्यांच्याकडे जाऊ नका, तेच सांगतील नका येऊ म्हणून. जुनं, तेलाचं, काचेच्या जारचं मशीन असेल तर मात्र यांच्याशिवाय कुणाला दाखवू नका.

फोन संध्याकाळी पाचनंतर उचलतात. लावायच्या आधी आउटलेटच्या पाण्याचा व्हिडिओ काढून पाठवा, आणि त्या धारेने बादली भरायला किती वेळ लागला ते लिहा, काम अर्धं तिथंच होतं आणि यायची गरज नसेल तर तसं कळवतात, पैसे न घेता. नांदेडच्या माझ्या एका मैत्रिणीला तसंच झालं, तिची नुसती रोटरीची बेल्ट ढिली होती.

आमच्या रोटरीचं तेल पुढच्या महिन्यात बदलायचंय. काल फोन केला होता, परवा येतो म्हणाले.